कौलाचं झालं

भिरंडमळा
९ ऑगस्ट २०२४

निखिल,

आशीर्वाद पाठवते आहे. ठेवायचे की परत करायचे ते तुझं तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा जुना मार्ग. अंकिताला विचारलं होतं. ती म्हणाली, लिहा आई, तो वाचेल. सून फार समजूतदार मिळाली आहे, तुझ्या मानाने तर फारच.

इकडे सगळं ठीक. पाऊस रग्गड. जळवा यंदा चुलीपर्यंत आल्या आहेत. अणशी घाटात झाड पडलं म्हणून बस बंद होती, त्यामुळे भाजी नाही, त्यामुळे रोज कुळीथ. रिटायर झाल्यावर रामनगरला भावाजवळ जाऊन राहा असं सगळे सांगतात. पण जिथे जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली ते गाव सोडून मी काय तिथल्या बाजारातली गर्दी मोजत बसू?

देवाच्या मांडावरचं तुझं बांधकाम झकास उभं आहे. थेंब गळत नाही. वळचण तू चांगली लांब काढलीस, त्यामुळे मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतींना पाऊस शिवतसुद्धा नाही. कोकमं देणारं ते भिरंडाचं झाड तोडायचं नाही म्हणून तू जी भिंत वाकवलीस, त्या वाकड्या कोपऱ्यात मांजर व्यालं आहे. बायका कंद आणून ठेवतात, बसतात, गप्पा मारतात. छान चाललं आहे.

एकच गोष्ट. कान्हू वेळीप म्हणतो, पुढच्या शिगम्याच्या आधी गावाची बैठक बसेल आणि ते ठेवायचं की उतरवायचं ते ठरेल. तो गावचा पुजारी, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही हे तुला मी सांगायला नको. तेव्हा तू एकदा ये. मांडावर उभा राहा आणि म्हण, देवाला न विचारता काम काढलं, चुकलं. एवढंच. तुझी उंची त्याने कमी होणार नाही, आधीच तू बाबांसारखा बुटका आहेस.

तुझी आई


१८ सप्टेंबर २०२४

निखिल,

गणपती गेले. घर रिकामं वाटतं आहे आणि मला खरं बोलायची लहर आली आहे.

मागच्या पत्रात मी थाप मारली. तुझ्या बांधकामात कुणी जात नाही. कंद नाहीत, गप्पा नाहीत. मांजर तेवढं खरं आहे. मी रोज सकाळी जाऊन झाडून येते, म्हणजे परक्या माणसाला वाटावं की वापर आहे. बायका वाटेने जाताना मला हाक मारतात, पण पायरीच्या अलीकडून. रुक्मासुद्धा. तिच्याच बायकांच्या गटासाठी तू ते बांधलंस, कंदांच्या मेळ्याआधी ते सुके राहावेत म्हणून. आणि तीच डोक्यावर टोपली घेऊन बाहेर उन्हात उभी राहते. मी म्हटलं, 'अगं आत ये की.' म्हणाली, 'नको बाई. पाय उचलत न्हाई.'

मला राग कशाचा येतो सांगू? तू वाईट बांधलं असतंस तर मी समजू शकले असते. तू अख्खा पावसाळा छत्री घेऊन मांडाच्या कडेला बसला होतास, पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघत. लोक मला विचारायचे, पोराचं काय बिनसलंय काय? पाण्याची वाट अडू नये म्हणून तू जोतं दोन ठिकाणी तोडलंस. सिमेंट नको म्हणालास. उद्या कुणाला नको झालं तर दगड काढून दुसरीकडे लावता आले पाहिजेत, असं म्हणालास. आणि कौलं! घराघरांवर पत्रे चढल्यापासून जुनी कौलं परड्यात शेवाळत पडली होती. तू फोनवर सांगितलंस म्हणून मी दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार फिरले आणि ती गोळा केली. ज्याच्या त्याच्या घराचं छप्पर त्या एका छपरात आलं. इतकं सगळं सुचलेल्या माणसाला एवढं सुचू नये?

मांड म्हणजे काय हे तुला मी शिकवायचं? शिगम्याचा पहिला ढोल तिथे वाजतो, देवाला गाऱ्हाणं तिथे घालतात. तिथे खुंटा ठोकायचा तर आधी देवाला विचारतात. तू इथल्या पोरांबरोबर त्याच मांडावर लंगोटीत खेळलास.

मागच्या शिगम्याला नाचणारे खेळगडी मांडावर आलेच नाहीत. ढोल कान्हूच्या अंगणात वाजला. तुझं नवं बांधकाम तोरण बांधून तसंच उभं राहिलं आणि आपण तिघं पायरीवर. तेव्हा माझा तोल गेला. सगळ्या गावासमोर मी म्हटलं, 'देवाला विचारायची अक्कल नव्हती का तुला?' तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, 'तू म्हणतेस हे?' मग पिशवी उचललीस आणि कॅसलरॉक स्टेशनच्या वाटेला लागलास, बिचारी अंकिता मागून पळत.

आईला असं उलट बोलायचं कुठे शिकलास? बेंगळुरात त्याचेही वर्ग असतात वाटतं.

तुझी आई


२१ नोव्हेंबर २०२४

निखिल,

ज्या संस्थेने तुला हे काम दिलं, त्यांचं मासिक आलं. आठ पानं तुझ्यावर. फोटो फार सुंदर आहेत. सकाळचं ऊन, चिऱ्याचा लाल रंग, कौलांवर भिरंडाची सावली. मी कौतुकाने कान्हूला दाखवायला नेलं. त्याने चष्मा लावून एकेक पान उलटलं आणि म्हणाला, 'मानसं खंय हायत, बाई?'

मग मीही बघितलं. एकाही फोटोत माणूस नाही.

अशी कोंडी झाली की मी भांडते. मी म्हटलं, 'कान्हू, तुलाही तोंड होतं ना? पोर खड्डे मारत होतं तेव्हा येऊन थांबव म्हणायचं. तुम्ही कामावर यायचे बंद झालात, त्याने खानापूरचे गवंडी आणले, भिंती वर आल्या, छप्पर चढलं, तरी तू गप्प. मुका झाला होतास?'

त्याने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग जे बोलला ते तुला जसंच्या तसं लिहिते. 'म्या त्येला आदीच सांगितलं व्हतं, बाई. देवाला इच्यारल्याबिगर काम काढू नगं म्हणून. त्यो म्हणाला, मामा, आई बघतीया त्ये. मग म्या काय बोलायचं? तुमी आमच्या पोरांच्या मास्तरीण. तुमी इच्यारलं न्हाई, तुमच्या मनाला वाटलं न्हाई. मास्तरणीला कोन सांगनार?'

निखिल, हे काय आहे? माझ्यावर कशाला ढकललंस? कधी मला सांगितलंस देवाला विचार म्हणून? म्हणजे वर्षभर गाव मला शहाणी समजून गप्प बसलं आणि मी गावासमोर तुला अक्कल शिकवत होते. लोक मनात काय म्हणाले असतील! मी घरी येऊन तुझा शाळेतला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. तो अजून तसाच आहे.

याचं उत्तर मला हवं आहे. पत्राने नको, फोनने नको. इथे येऊन दे.

आई


१४ जानेवारी २०२५

निखिल बाळा,

आज संक्रांत. हे पत्र मी एका बैठकीत लिहीन असं वाटत नाही.

रुक्माच्या लेकीचं, रक्षिताचं लग्न ठरत आलं आहे. सकाळी तिळगूळ द्यायला गेले. रुक्मा म्हणाली, 'समदं जमलं बाई, कौलाचं तेवढं ऱ्हायलंय.' मी म्हटलं, 'लग्नाआधी छप्पर नवं करताय होय?'

ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. 'छप्पर? अवो बाई, कौल देवाचा! घरावर त्ये नळे. तुमी रामनगरची मानसं नळ्यांस्नी कौलं म्हणता, आमी न्हाई म्हणत.'

मी तिळगूळ तिच्या हातावर ठेवला आणि तडक घरी आले.

तुझा फोन. तेवीस सालच्या दिवाळीच्या आधीचा. मी गुडघ्याच्या औषधासाठी रामनगरला होते, तू इथे. रेंज नेहमीसारखी अर्धी. तू म्हणालास, 'आई, कान्हूमामाशी बोललो. कौलाचं तेवढं तू बघ. त्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही.' मी म्हटलं, बघते. बघितलं की! दारोदार फिरले. तोवर तू बेंगळुरूला परतला होतास, तिथून पुढच्या फोनला विचारलंस, 'कौलाचं झालं?' मी म्हटलं, 'झालं रे. कुणी नाही म्हटलं नाही.'

कुणी नाही म्हटलं नाही. माझे शब्द मला लख्ख आठवतात, कारण मी ते फुशारकीने बोलले होते.

तू या गावच्या पोरांत वाढलास. तुझ्या तोंडात घरावर नळेच असायचे. चौथीतल्या निबंधात तू लिहिलं होतंस, 'आमच्या घराचे नळे लाल आहेत', आणि मी लाल शाईने ते खोडून 'कौले' केलं होतं. एका घरात राहून आई रामनगरचं बोलत होती आणि मुलगा भिरंडमळ्याचं, आणि आपल्या दोघांना वाटत होतं की आपण एकच भाषा बोलतो.

म्हणजे मी तुला सांगितलं की देवाचा कौल मिळाला. तू विश्वास ठेवलास आणि काम सुरू केलंस. आणि शिगम्याला गावासमोर मीच विचारलं, देवाला का विचारलं नाहीस. तुला काय वाटलं असेल? आई खोटं बोलली. उघडं पडायची वेळ आली तेव्हा पोराला पुढे करून बाजूला झाली. आणि एवढं वाटूनही तू माझं नाव घेतलं नाहीस. 'तू म्हणतेस हे?' एवढंच म्हणालास आणि गेलास. ते मी उलट बोलणं समजले.

मला रडू येतं आहे आणि रागही येतो आहे, दोन्ही एकदम. माझा राग येतोच. पण तुझाही येतो, लपवत नाही. एक वाक्य विचारायचं होतंस रे. आई, तू तर झालं म्हणाली होतीस. त्यावर मी म्हटलं असतं, हो, परड्यात रचून ठेवली आहेत की. आणि तिथल्या तिथे आपण दोघं हसलो असतो.

फोटो सरळ केला आहे. माफी मागायला नको येऊस. नुसता ये.

आई


२४ फेब्रुवारी २०२५

निखिल,

बैठक झाली. तुझी वाट पाहिली नाही असं नाही, पण गावाला थांबा म्हणायचं तोंड मला नव्हतं.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फोन, गुडघा, नळे, कौल. आधी कुणाच्या काही ध्यानात येईना. मग मागून एक म्हातारी ओरडली, 'म्हंजे बाई देवाकडं न्हाई, नळे मागाय गेल्ती!' आणि जी हसायची लाट उठली ती थांबेचना. कान्हूला ठसका लागला. रुक्माने माझ्या पाठीवर थाप मारली, एरवी ती माझ्यासमोर पदरही सावरून बोलते. वर्षभर गावाच्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मला वाटलं, सुटलो. आता राहील बांधकाम.

हसू ओसरल्यावर कान्हूने डोळे पुसले आणि म्हणाला, 'चूक कुनाचीच न्हाई. पन त्ये उतराया पायजे.'

मी म्हटलं, 'आता विचार की देवाला. आत्ता लाव कौल.'

'आदी बांदून मग इच्यारायचं म्हंजे देवाला भीड घातल्यासारकं. छप्पर डोक्यावर असताना देव न्हाई कसं म्हननार? मोकळं करू, मग इच्यारू.'

मी पुष्कळ वाद घातला. माझ्या बाजूने रुक्माही बोलली. पण खरं सांगू, मनातून मला त्याचं पटत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. तुझी इमारत माझ्या एका शब्दापायी उभी राहिली आणि त्याच शब्दापायी खाली येणार.

शिगम्याच्या आधल्या आठवड्यात उतरवायची आहे. तुझ्या हातचं आहे ते. परक्यासारखं खाली येऊ नये. एवढ्यासाठी तरी ये.

आई


११ मे २०२५

निखिल,

तू येऊन गेलास त्याला आता बरेच दिवस झाले. आपण समोरासमोर होतो तेव्हा आपल्याला काही बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा हा कागद.

तू पहाटेच्या गाडीने उतरलास तेव्हा मला वाटलं होतं, मी गळ्यात पडेन. प्रत्यक्षात मी म्हटलं, किती वाळलास, आणि तू म्हणालास, गुडघा कसा आहे. दोघांनीही पत्रांचं नाव काढलं नाही. कान्हूने मात्र तुला बघताच 'आलं गे नळेवाल्या बायचं पोर' म्हणून हाक दिली आणि तू हसलास. ते हसू मी जपून ठेवलं आहे.

उतरवताना मी दूर बसले होते. गावची सगळी माणसं, जी बांधायला आली नव्हती, ती उतरवायला आली. कौलं हातोहात खाली आली. रुक्मा एकेक कौल ओळखत होती, हे आमचं, हे कान्हूदादाचं. चिरे मातीतले, न फुटता सुटले. तू सांगितलं होतंस तसेच सुटले. शेवटी नुसतं जोतं राहिलं आणि ते भिरंडाचं झाड. जिथे भिंत वाकवली होती तिथे झाड वेड्यासारखं एकटं दिसत होतं.

मग कान्हूने ओल्या दगडावर पाकळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलं. आणि उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला! इथेच बांधा म्हणाला! मी त्या गर्दीत मोठ्याने रडले, लाज सोडून. बायका टाळ्या पिटत होत्या. कान्हूने तुझ्या हातात काठी दिली. 'आता आख मातीत, कसं बांदूया. या खेपेला आमी समदे येताव कामाला.'

तू काठी घेतलीस. मला वाटलं, आता हा बसेल उकिडवा आणि रेघा मारायला लागेल, लहानपणी मारायचास तशा. तू उभाच राहिलास. मग म्हणालास, बेंगळुरूला जाऊन नकाशा काढून पाठवतो. सगळे खूश झाले. मीही झाले.

कॅसलरॉकच्या फलाटावर गाडीची वाट बघताना तू जे बोललास ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. 'आई, मी आता तसलं काम करत नाही. मोठ्या इमारतींच्या खालचं पार्किंग काढतो. कुठली गाडी कुठे वळेल, एवढंच. त्या दिवशी इथून गेलो ना, तेव्हापासून जागा बघितली की मला काही दिसतच नाही. परवा काठी हातात घेतली, तेव्हाही काही सुचलं नाही.'

मी म्हटलं, 'रुसू नकोस रे आता.' तू म्हणालास, 'मी रुसलो नाहीये, आई.' आणि मला दिसलं की खरंच तू रुसलेला नव्हतास. रुसला असतास तर मी समजूत घातली असती. तेवढं मला येतं. जे येत नव्हतं ते समोर होतं आणि गाडी आली.

मी कान्हूला एकदा विचारलं, 'तेव्हाच कौल लावला असता तर देव काय म्हणाला असता रे?' तो म्हणाला, 'मागचं कोन इच्यारतं देवाला, बाई?' मी मात्र रोज विचारते. त्या दोन फोनांपैकी एकात मी नुसतं 'काय?' म्हटलं असतं तर. तर पावसात छत्री घेऊन पाणी बघत बसणारा माझा मुलगा आज मला असता.

जोत्यापाशी चिरे रचून ठेवले आहेत. वर झावळ्या घातल्या आहेत. रुक्माच्या रक्षिताचं लग्न झालं, पाहुणे त्या चिऱ्यांवर बसून जेवले. येता-जाता प्रत्येक जण मला विचारतो, नकाशा कधी येणार. तुला वाटलं होतं, तेव्हा आई खोटं बोलली. तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, निखिल. आता बोलते. दिवसातून चार जणांशी बोलते, आणि मला त्याची सवयही होत चालली आहे.

आज सकाळी कान्हू दारात येऊन उभा होता. मी त्याने विचारायच्या आधीच म्हटलं, 'काढतोय तो. पावसाआधी येईल.'

तुझी
आई